बिघडलेली वडी काय सांगते?

साबण घरी करता येतो म्हटले की पुष्कळांना ती रसायनशाळेतली भानगड वाटते. खरे म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला की साबण व ग्लिसरीन तयार होते, एवढेच त्यातले शास्त्र. मात्र भाजीतले मीठ अंदाजाने घालता येते, तसे कॉस्टिकचे नाही. तो काट्यावरच तोलावा लागतो.

माझ्याकडे हौसेने साबण होतो हे आळीत कळल्यापासून शेजारणी आपापल्या बिघडलेल्या वड्या मला दाखवायला आणतात. त्या पाहता पाहता मला पटले, की वडी आपल्या बिघाडाचे कारण स्वतःच सांगते.

आधी प्रमाण. ३५० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम शेंगदाण्याचे तेल, ८० ग्रॅम कॉस्टिक आणि १९० ग्रॅम पाणी. भांडे स्टीलचे घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमला कॉस्टिक खातो. हातमोजे व चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून, मुलांना दूर पाठवून कॉस्टिक पाण्यात सावकाश सोडावा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. ते उसळून डोळ्यांत उडते. द्रावण कोमट झाले की कोमट तेलात ओतून ढवळावे. चमच्याची रेघ मिश्रणावर उमटून राहू लागली, की सुगंधाची वेळ आली. या प्रमाणाला बारा ग्रॅम सुगंधी तेल पुरते.

येथेच बहुतेकींची फसगत होते. शेजारच्या वहिनींनी स्पिरिटमधला गुलाबी सेंट ओतला आणि मिश्रण पातेल्यातच दगडासारखे थिजले. लवंगेच्या तेलानेही असेच घडते. दुसरीच्या साबणातला संत्र्याचा वास महिनाभरात उडाला. फळांच्या सालींची तेले फार हलकी. वाळा टिकतो, चंदन टिकते, आणि लिंबापेक्षा गवती चहा बरा. व्हॅनिला घातला तर पांढरी वडी तपकिरी होते. त्यात बिघाड नाही, तो व्हॅनिलाचा स्वभावच.

वडीवर पांढरी भुकटी आली तर ती पुसावी. हवेशी कॉस्टिकचा संयोग होऊन ती येते. वर तेल तरंगले तर ढवळणे कमी पडले किंवा कॉस्टिक कमी झाला. वडी ठिसूळ होऊन भुगा होत असेल, तर कॉस्टिक जास्त झाल्याची शंका घ्यावी आणि ती अंगाला मुळीच लावू नये. माप बरोबर असून नुसती आकाराने बिघडलेली वडी मात्र किसून, थोडे पाणी घालून, मंद आचेवर मऊ करून पुन्हा साच्यात भरता येते. वहिनींचा गुलाब असाच वाचला.

प्रत्येक वेळी तेल, माप, सुगंध आणि तारीख वहीत टिपून ठेवावी. नाहीतर वडी सांगते ते कळणार कसे? साच्यातून काढलेल्या वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळू द्याव्यात. तेव्हा भगिनींनो, यंदाच्या अभ्यंगस्नानाला हा साबण मिळणार नाही. पण भाऊबिजेनंतर ओतलात, तर थंडी भरात येईल तेव्हा वाळ्याची वडी हाती असेल.