ओल कोणाची, खर्च कोणाचा?

पावसाळा सरला की मध्यमवर्गीय घरांतून एक जुना संकल्प नव्याने सोडला जातो : यंदा दिवाळीपूर्वी रंग काढायचा. पोपडे खरवडून भिंत गुळगुळीत केली जाते आणि पुढल्या मृगानंतर त्याच जागी तोच डाग उमटतो. हा खर्च वाया जातो, कारण तो ओलीच्या कारणावर नव्हे, तिच्या खुणेवर केलेला असतो.

वस्तुतः ओल आपला पत्ता स्वतःच सांगते. तळमजल्यावर जोत्यालगत लोणा फुटला असेल, तर पाणी बहुधा जमिनीतून वर चढत आहे. पावसाबरोबर वाढणारा व हिवाळ्यात सुकणारा डाग बाहेरील भेगांचा किंवा गच्चीच्या फुटलेल्या कोब्याचा. मात्र एप्रिलच्या उन्हातही जो सुकत नाही, तो बहुधा न्हाणीघराच्या अथवा नळाच्या गळतीचा. संशय राहिल्यास हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा. आतून दव आले तर पाणी भिंतीत आहे. बाहेरून आले तर खोलीच्या कोंडलेल्या हवेत.

काँक्रीटच्या इमारतीत दिरंगाई अधिकच महाग पडते. पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्या दाबाने काँक्रीट फुटते आणि रुंदावलेल्या भेगेतून आणखी पाणी शिरते.

मग दुरुस्ती वेळेवर का होत नाही? कारण गळती वरच्या मजल्यावर असते आणि डाग खालच्या! ज्याच्या हाती उपाय आहे त्याला तोटा नाही. ज्याला तोटा आहे त्याच्या हाती उपाय नाही. मुंबईच्या जुन्या चाळींत हेच घडले. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना निवारा लाभला हे खरे. पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि भाडेकरूला मालकी नव्हती. अखेर १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमावे लागले.

सहकारी गृहसंस्थांनी यापासून बोध घ्यावा. दर मार्चमध्ये गच्ची, पन्हळी व नळ यांची तपासणी व्हावी. दोन सभासदांत वाद असल्यास संस्थेने निधीतून गळती आधी थांबवावी व खर्चाची वाटणी मागाहून करावी. वाद थांबू शकतो, पाणी थांबत नाही. पावसाआधी छत्री दुरुस्त करणारे आपण, घराला मात्र पहिली सर कोसळेपर्यंत विसरतो.