बाईला कुणी विचारलं का?

मागच्या बैठकीत एका ताईंनी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. ‘माणूस आणि माकडाचं मूल जन्मलं’ असं त्यात सांगितलं होतं. “हे खरं असतं का हो?” ताईंनी विचारलं. आज त्याच प्रश्नावर बोलूया.

गाय माजावर आली की आपण डॉक्टरांना बोलावतो. ते थंड कॅनमधून कांडी काढतात आणि गाय भरवतात. जनावरांच्या कृत्रिम रेतनाची ही पद्धत ज्यांनी सुरुवातीच्या काळात मोठ्या प्रमाणावर वापरली, त्यांतले एक म्हणजे रशियाचे इल्या इव्हानोव्ह. घोड्यांच्या पैदाशीत त्यांचं मोठं नाव होतं. पण पुढे त्यांच्या मनात आलं, की माणूस आणि चिंपांझी यांचाही संकर करून पाहावा.

त्यासाठी सोव्हिएत सरकारनं पैसे दिले आणि १९२६ साली ते आफ्रिकेतल्या गिनी देशात गेले. तिथे तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं. १९२७ मध्ये त्यांनी तीन चिंपांझी माद्यांमध्ये माणसाचं वीर्य सोडलं. एकीलाही गर्भ राहिला नाही.

मैत्रिणींनो, खरी गोष्ट पुढेच आहे. तिथल्या दवाखान्यात येणाऱ्या आफ्रिकी बायकांमध्ये चिंपांझीचं वीर्य सोडायचं, आणि तेही त्यांना न सांगता, असा त्यांचा बेत होता. तपासणी चालू आहे असं बाईला वाटावं आणि प्रयोग उरकावा! फ्रेंच गव्हर्नरनं तसं करू दिलं नाही, म्हणून ते टळलं. नंतर काळ्या समुद्राकाठच्या सुखुमी गावी, स्वखुशीनं तयार होणाऱ्या बायकांवर प्रयोग करायचं ठरलं. पण त्यासाठी ठेवलेला ओरांगउटान नर १९२९ मध्ये मेला. १९३० साली इव्हानोव्ह यांना अटक झाली आणि १९३२ मध्ये ते वारले. तो प्रयोग झालाच नाही.

मग असं मूल होऊ शकतं का? आपल्या शरीराच्या बहुतेक पेशींत गुणसूत्रं असतात. आईबापांकडून आलेले गुण त्यांच्यातून मुलात उतरतात. माणसात ती ४६ असतात, चिंपांझीत ४८. आता घोड्यात ६४ आणि गाढवात ६२ असूनही त्यांचं खेचर होतंच. पण त्यात ६३ गुणसूत्रं येतात, जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. तेव्हा नुसत्या आकड्यावरून निकाल लागत नाही. मात्र माणूस आणि चिंपांझी यांचे वंश वेगळे होऊन साठ-सत्तर लाख वर्षं झाली आहेत, आणि असं मूल जन्मल्याचा एकही पुरावा नाही. अमेरिकेत ऑलिव्हर नावाचा चिंपांझी दोन पायांवर चालायचा, म्हणून लोक त्याला अर्धा माणूस म्हणत. १९९० नंतर त्याची तपासणी झाली. गुणसूत्रं निघाली ४८. तो साधा चिंपांझीच होता.

२०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी माकडाच्या भ्रूणांत माणसाच्या काही पेशी घातल्या. पुढेमागे रोग्यांसाठी अवयव तयार करता यावेत, त्याची वाट शोधणं हा हेतू होता. ते भ्रूण काचेच्या बशीत जास्तीत जास्त वीस दिवस वाढवले, कुणाच्या गर्भाशयात ठेवले नाहीत. हा संकर नव्हे. दोन जातींच्या पेशी एकाच भ्रूणात शेजारी शेजारी राहिल्या, इतकंच. तरीही जगभर चर्चा झाली की हे कुठवर न्यायचं?

आणि समजा, उद्या असं मूल झालंच, तर? ते घरात वाढेल की पिंजऱ्यात? त्याला माणसाचे हक्क मिळतील का? आजारी पडलं तर कोण जागेल? जाळ्यात पकडलेल्या त्या चिंपांझी माद्यांनाही वेदना होत्याच की. ‘करता येईल का’ या प्रश्नाबरोबर ‘करावं का’ हाही प्रश्न हवा.

मला सगळ्यात जास्त लागते ती त्या दवाखान्यातली गोष्ट. गरीब, परक्या राज्यातली बाई, तिला कशाला विचारायचं, असंच ना? आज आपल्या देशात कुणावरही संशोधन करायचं तर आधी समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. ‘नाही’ म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. म्हणून कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी विचारा: काय करणार? कशासाठी? त्रास काय होईल? नको म्हटलं तर चालेल ना? वाचता येत नसेल तर गटातल्या कुणाला तरी सोबत न्या.

आणि तो व्हिडिओ पुढे पाठवू नका. पुढच्या बैठकीत मात्र ही गोष्ट जरूर सांगा.