तोडणी यंत्राच्या मागोमाग जाणारी कार्यशाळा
लेखमाला : ऊसतोडणीचे यांत्रिकीकरण – लेखांक ६

मागील लेखांकात ऊसतोडणी यंत्रातील बुडखा कापणारी पाती, कांड्यांचे तुकडे करणारे ड्रम, पाचट उडवणारे पंखे आणि तुकडे ट्रॉलीत टाकणारा एलिव्हेटर यांची रचना पाहिली. हे सर्व भाग माती, दगडगोटे आणि पाचट यांच्याशी दिवसरात्र घासत असल्यामुळे हंगामात त्यांची झीज आणि मोडतोड गृहीतच धरावी लागते, आणि ती दुरुस्त करण्याची सोय किती जवळ आहे यावर यंत्र प्रत्यक्षात किती तास चालेल हे ठरते. यंत्राने तोडलेल्या उसाच्या बाबतीत या अंतराला अधिकच महत्त्व येते. हाताने तोडलेल्या अखंड उसाला दोनच कापलेली तोंडे असतात, परंतु यंत्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याला तशी दोन तोंडे असल्याने ल्युकोनोस्टॉकसारख्या जिवाणूंचा शिरकाव झपाट्याने होतो, साखरेचे विघटन सुरू होते आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होऊन कारखान्यात रस गाळणे व साखरेचे स्फटिक पाडणे कठीण होते. अर्धी भरलेली ट्रॉली यंत्र सुरू होण्याची वाट पाहत फडात उभी राहते तेव्हा तिच्यातील उसाचा कस उतरत असतो. म्हणून ट्रॅक्टरमागे ओढता येणारी, अवजारे आणि सुटे भाग एकत्र बाळगणारी कार्यशाळा हा तोडणी यंत्राचाच एक अवयव मानणे योग्य ठरते.

अशी कार्यशाळा उभारताना बहुधा अवजारांच्या यादीपासून सुरुवात केली जाते, आणि तेथेच पुढील अडचणींचे मूळ असते, कारण जुळणीचा पहिला प्रश्न वजनाचा असतो. उदाहरणादाखल ३.५ मीटर लांब व २ मीटर रुंद तळ असलेली दुचाकी, म्हणजे एकाच आसाची, ट्रॉली घेतली आणि तिचा तळ ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा केला, तर दर चौरस मीटरला साधारण २३.५ किलो या हिशेबाने तळाचेच वजन सुमारे १६५ किलो भरते. त्यावर १.८ मीटर उंचीच्या भिंती आणि छप्पर १.६ मिलिमीटर पत्र्याचे केले, तर आणखी सुमारे ३४० किलोंची भर पडते. चौकटीचे अँगल आणि दारे धरण्यापूर्वीच, एकही पाना आत ठेवलेला नसताना, ट्रॉलीवर ५०० किलोंचा बोजा चढलेला असतो. यास्तव चारही बाजूंनी बंद पेटी बांधण्याऐवजी दोन्ही बाजूंना वर उघडणाऱ्या झडपा ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. झडप उघडली की तीच कारागिराच्या डोक्यावर सावली धरते आणि बरेचसे काम आत न शिरता जमिनीवर उभ्यानेच करता येते.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कोठे बसते याला आहे. एकाच आसाच्या ट्रॉलीत गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, आसाच्या थोडा पुढे असला पाहिजे. ट्रॅक्टरला अडकवण्याच्या हुकापासून आसापर्यंतचे अंतर ३.२ मीटर, भरलेल्या ट्रॉलीचे वजन २,००० किलो आणि गुरुत्वमध्य आसाच्या ०.३५ मीटर पुढे असे धरले, तर हुकावर सुमारे २१९ किलो, म्हणजे एकूण वजनाच्या ११ टक्के भार येतो, आणि तो समाधानकारक म्हणता येईल. आता १५० किलोंचा जनित्रसंच सोयीचा म्हणून मागच्या टोकाला, आसापासून १.२ मीटरवर ठेवला, तर एवढ्या एका वस्तूमुळे हुकावरचा भार ५६ किलोंनी उचलला जातो. तोच संच तितक्याच अंतरावर पुढे ठेवला तर तेवढाच भार वाढतो. मागे वजन वाढत गेले की ट्रॉली रस्त्यावर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होऊन ओल्या फडात त्यांची पकड सुटते, आणि हूक काढताच ट्रॉलीचा दांडा एकाएकी वर उसळून जवळच्या माणसाला इजा करू शकतो. म्हणून जनित्र, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचा संच आणि बोल्टांचे खण ही जड मंडळी आसाच्या लगत आणि तळाशी बसवून उंचावरच्या फळ्यांवर फक्त हलक्या वस्तू ठेवाव्या लागतात. दिसायला ही मांडणी नीटनेटकी नसली तरी चालते.

ट्रॉली फडाच्या कडेला उभी केल्यावर तिची चाके पाचर लावून अडवणे आणि चारही कोपऱ्यांना स्क्रूचे टेकू देणे हे काम सुरू होण्यापूर्वीच उरकले पाहिजे. टेकू नसतील तर शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडलेल्या दांड्यावर घणाचा घाव पडताच सारी ट्रॉली टायरांवर डोलते, घावाचा जोर वाया जातो आणि शेगड्याचे बोल्ट हळूहळू ढिले होतात. शेगडा मागच्या कोपऱ्यात, चेसिसच्या उभ्या तुळईवर थेट टेकलेल्या पायावर बसवल्यास लांब दांडे दोन्ही बाजूंनी बाहेर काढून धरता येतात.

या कार्यशाळेचे दोन निराळे भाग पाडणे आवश्यक आहे, आणि तयार जुळण्यांत नेमके याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलेले आढळते. एका भागात ग्राइंडर, वेल्डिंग, छिन्नी आणि कानस यांचे काम चालते, तर दुसऱ्या भागात हायड्रॉलिक होज पाइप, सील, बेअरिंग आणि विजेचे जोड हाताळले जातात. तोडणी यंत्रातील बहुतेक फिरते भाग दाबाखालच्या तेलाने, म्हणजे हायड्रॉलिक पद्धतीने, चालतात. त्यातील पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या घट्ट बसणाऱ्या भागांमधील फट मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते, आणि ग्राइंडरमधून उडालेला पोलादाचा कण त्या फटीत शिरला की दुरुस्तीतूनच पुढच्या बिघाडाचा जन्म होतो. म्हणून दोन्ही भागांमध्ये पूर्ण उंचीची आडभिंत असावी, स्वच्छ भागाचे दार वेगळ्या बाजूला उघडावे आणि सुटे भाग झाकणाच्या खणांत राहावेत. नवा होज पाइप चकतीने कापल्यावर त्याच्या आत रबराची आणि तारेची भुकटी राहते, ती हवेने व स्वच्छ तेलाने काढल्यानंतरच टोकाला जोड बसवून दाबयंत्राने चेपावा आणि पाइप यंत्रावर चढेपर्यंत दोन्ही तोंडांना टोपणे असावीत. या तेलाचा दाब दोनशे बार किंवा त्याहून अधिक, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोंच्या पुढे, असू शकतो. सुईएवढ्या छिद्रातून निघणारी चिळकांडी त्वचा भेदून तेल शरीरात घालते. जखम बारीक दिसली तरी तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. गळती शोधण्यासाठी हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा फिरवण्याची शिस्त प्रत्येक फिटरच्या अंगवळणी पडली पाहिजे, आणि तसा पुठ्ठा दाराच्या आतील बाजूस कायम टांगलेला असावा.

विजेचा हिशेब वेल्डिंगवरून करावा. ३.१५ मिलिमीटर जाडीच्या रॉडने काम करताना सुमारे १२० अँपियर प्रवाह आणि २५ व्होल्ट दाब धरला, तर ठिणगीलाच ३ किलोवॅट शक्ती लागते; इन्व्हर्टर पद्धतीचा संच वापरल्यास त्यापेक्षा थोडे मोठे जनित्र पुरते, परंतु जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या संचाचा पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या शक्तीपैकी कामी येणारा हिस्सा, कमी असल्याने जनित्र जवळपास दुप्पट क्षमतेचे घ्यावे लागते आणि त्याचे वजन पुन्हा आसावर येते. विजेच्या धक्क्यापासून रक्षण करणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवूनच अनेक जण निश्चिंत होतात. लहान जनित्रांत न्यूट्रल तार बहुधा अर्थिंगला जोडलेली नसते, आणि ती जोडणी नसेल तर गळणाऱ्या प्रवाहाला परतीचा मार्ग मिळत नाही व आरसीसीबी पडत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ही जोडणी जाणकार वायरमनकडून जनित्राशीच करून घ्यावी आणि आरसीसीबीची चाचणी त्याचे बटण दाबून नियमित घेतली जावी.

वेल्डिंगचे आणखी दोन धोके फडातच उद्भवतात. यंत्रावर थेट वेल्डिंग करताना बॅटरीची तार आणि नियंत्रकाचे जोड सोडावे लागतात. परतीचा क्लँपही जोडाच्या अगदी जवळ लावावा लागतो, अन्यथा प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पाडतो. दुसरा धोका वाळलेल्या पाचटाचा. एक ठिणगी उभा फड आणि यंत्र दोन्ही जाळू शकते, म्हणून कामाच्या जागेभोवतीचे पाचट खरवडून माती उघडी करणे, पाण्याने भरलेला पाठीवरचा फवारणी पंप हाताशी ठेवणे आणि काम संपल्यावरही काही वेळ माणूस तेथेच थांबवणे यांत कोणतीही सवलत देता कामा नये. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची टाकी न्यायची असल्यास ती उभी आणि साखळीने बांधलेली असावी. ॲसिटिलीन हा वायू टाकीतील सच्छिद्र भरावात मुरलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून साठवलेला असतो आणि टाकी आडवी ठेवून वापरल्यास ॲसिटोन नळीत येतो. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला ग्रीसचा हात लागू देऊ नये, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ आपोआप पेट घेतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या कप्प्याला झरोके वर नव्हे तर तळाशी ठेवावे लागतात.

यंत्र उचलण्याचे साहित्य जड असूनही ते सोडून देता येत नाही. १० सेंटिमीटर चौरस बुडाच्या जॅकवर ५ टन भार घेतला, तर मातीवर दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाब पडतो आणि काळ्या जमिनीत जॅक सरळ रुतत जातो. तोच भार ६० सेंटिमीटर चौरस, न वाकणाऱ्या जाड फळीवर घेतला तर दाब १.४ किलोंवर उतरतो. उचललेल्या यंत्राखाली लाकडी ओंडक्यांची चौकट रचल्याशिवाय कोणीही शिरू नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

सुट्या भागांच्या साठ्यात पात्यांचे बोल्ट वेगळ्या खणात आणि खुणेसह असावेत. बोल्टाच्या डोक्यावरील १०.९ या आकड्यांचा अर्थ असा की तो दर चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटनांपर्यंत ताण सोसतो आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कायमचा वाकत नाही, ८.८ च्या बोल्टात हे आकडे ८०० आणि ८० टक्के असे असतात. दोन्ही दिसायला सारखेच असले तरी वेगाने फिरणाऱ्या पात्याला कमी प्रतीचा बोल्ट लावणे म्हणजे पाते उडण्याला निमंत्रण आहे. प्रत्येक पान्याची आकृती खणाच्या तळावर रंगवून ठेवल्यास रात्रीच्या दुरुस्तीनंतर कोणता पाना यंत्राच्या पोटात राहिला हे इंजिन सुरू करण्यापूर्वीच कळते.

मूळ ट्रॉलीवर असे बांधकाम करताना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ विसरता येत नाही; नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल परवानगीविना करता येत नसल्याने आराखडा आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाला दाखवणे हिताचे असते. मागील बाजूचे लाल परावर्तक, दिवे आणि इशाऱ्याचा त्रिकोण यांचा खर्च एकूण जुळणीत नगण्य आहे, आणि गळीत हंगामात अंधाऱ्या रस्त्यावर उभी राहिलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला वेळेत दिसणे त्यांच्यावरच अवलंबून असते.

कोणते सुटे भाग किती ठेवावेत याचा निर्णय बिघाडांच्या नोंदवहीवरून घेता येतो. अशी वही कशी राखावी आणि एका हंगामाच्या नोंदींवरून पुढील हंगामाची खरेदी कशी ठरवावी, याचे विवेचन पुढील लेखांकात येईल.