न हलता वळणारे आकाशक

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालात आणि नारायणगावाहून पूर्वेला खोडदकडे वळलात, की तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आणि अशा तबकड्या ३०. ही पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग दुर्बीण. तिच्या तबकड्या मोटारींनी फिरवतात. एवढे अवजड धूड झटकन वळणार कसे, असा प्रश्न तुम्हाला नक्कीच पडेल.

ही दुर्बीण ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, त्या प्रा. गोविंद स्वरूप यांनी याचे एक उत्तर आधीच, १९७० साली, उटीला करून दाखवले होते. तेथील दुर्बीण ५३० मीटर लांब असून तिच्यात १०५६ छोटे आकाशक (म्हणजे अँटेना) एका ओळीत आहेत. पूर्व-पश्चिम ती यंत्राने फिरते. उत्तर-दक्षिण मात्र जागचे काहीही न हलवता तिची नजर वळते!

हे कसे ते पाहू. तिच्या तरंगांची लांबी ९२ सेंटिमीटर. समजा, शेजारचे दोन आकाशक ४६ सेंटिमीटर अंतरावर आहेत. समोरून आलेला तरंग दोघांना एकदमच भेटेल. तो ३० अंश तिरका आला, तर दुसऱ्याकडे पोचायला त्याला ४६ × साइन ३०, म्हणजे २३ सेंटिमीटर जास्त चालावे लागेल. यास लागतो सुमारे पाऊण अब्जांश सेकंद. पहिल्याचा संदेश तेवढाच थोपवून धरला, की दोन्ही संदेश पावलाला पाऊल मिळवून येतात आणि त्यांची बेरीज होते. इतर दिशांचे तरंग एकमेकांना कमीअधिक खोडतात. थोपवण्याचा वेळ बदला, दिशा बदलेल.

आता आकाशकातला धातूच काढून टाकला तर? घरातली पेटलेली ट्यूबलाइट आठवा. आतील वायूचे काही अणू फुटून मोकळे इलेक्ट्रॉन हिंडत असतात. हाच आयनद्रायू, म्हणजे प्लाझ्मा. तो वीज वाहतो आणि एका मर्यादेपर्यंतचे रेडिओ तरंग धातूसारखे परतवतो. ही मर्यादा काढणे सोपे आहे: एका घनमीटरमधील इलेक्ट्रॉनांच्या संख्येचे वर्गमूळ काढा व ९ ने गुणा, उत्तर हर्ट्झमध्ये येईल. आकाशातील आयनांबरात ही संख्या एक लाख कोटी धरली, तर मर्यादा ९० लाख हर्ट्झ येते. म्हणूनच दूरदेशीचे शॉर्टवेव्ह कार्यक्रम आयनांबरावर आपटून आपल्याकडे येतात आणि दहा कोटी हर्ट्झचे एफ.एम. तरंग आरपार निघून जातात.

नळीत इलेक्ट्रॉन याहून कितीतरी दाट करता येतात. एका साध्या आकाशकाभोवती अशा नळ्यांचे कडे उभे करा. पेटलेल्या नळ्या भिंत होतात, विझलेल्या खिडकी. झोत खिडकीतून बाहेर पडतो. पुढची नळी विझवून मागची पेटवली, की झोत वळला. मला तर ही युक्ती थोपवण्याच्या युक्तीपेक्षाही गमतीची वाटते. शिवाय सगळ्या नळ्या विझवल्या तर उरते नुसती काच, आणि ती शत्रूच्या रडारला सहजी दिसत नाही.

मग खोडदला अशा नळ्या का नाहीत? कारण तापलेले इलेक्ट्रॉन स्वतःच रेडिओ तरंगांची खरखर करतात. प्रक्षेपकाच्या जोरदार झोतापुढे ती चालून जाते; स्पंदक ताऱ्यांचे क्षीण संदेश मात्र तिच्यात बुडतील. तिथे जाळी आणि मोटारीच बऱ्या. अर्थात तबकड्या वळल्यावर त्यांचे संदेश थोपवून, जुळवून मग मिसळायचे, हे काम तिथेही इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच करते.