'स्टेनगन' : एक शब्द, एक शस्त्र आणि मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या मराठीतील आठवणी वाचू लागले की 'स्टेनगन' हा शब्द वाचकास वारंवार भेटतो. नांदेड आणि लातूर या परिसरातील वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींतही तो येतो. इतिहासाचा अभ्यासक तो शब्द वाचतो आणि त्याच नावाचे शस्त्र तेथे होते असे गृहीत धरून पुढे जातो. शब्द आणि वस्तू यांचा संबंध इतका सरळ असता तर भाषाभ्यासकास या विषयात लक्ष घालण्याचे कारणच उरले नसते.

प्रथम वस्तूविषयी. स्टेनगन हे इंग्लंडात १९४१ साली सिद्ध झालेले, एका माणसास उचलून नेता येण्याजोगे स्वयंचलित शस्त्र होय. डंकर्कच्या माघारीत ब्रिटिश सैन्याने अपार सामग्री गमावली होती, आणि अमेरिकेतून येणारी थॉमसन अथवा 'टॉमीगन' महाग पडत होती. अशा निकडीत शेफर्ड आणि टर्पिन या दोघांनी नळी, पत्रा व स्प्रिंग यांवर भागविलेले हे हत्यार आखले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे व एन्फील्ड या शस्त्रशाळेच्या नावातील पहिली दोन अक्षरे (काहींच्या मते 'इंग्लंड' या नावातील) मिळून 'स्टेन' हा शब्द बनला. 'ब्रेनगन' हा शब्दही असाच, चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो आणि एन्फील्ड यांच्या जोडणीतून आलेला. युद्धकाळात स्टेनगनचे चाळीस लाखांच्या आसपास नग निघाले. तिचा एक प्रकार तर मुलांची खेळणी करणाऱ्या एका कारखान्याने बनविला. तिचे दोषही तितकेच प्रसिद्ध होते. जमिनीवर आपटली तर ती आपोआप उडे, आणि काडतुसे अडकणे ही नित्याचीच गोष्ट होती.

युद्ध संपल्यावर अशी हत्यारे जगभर सांडली. ज्यांच्यापाशी सैन्य नव्हते, परंतु लढण्याचे कारण होते, त्यांनी ती मिळेल तेथून गोळा केली. हैदराबाद संस्थानात नेमकी हीच स्थिती १९४७ च्या उत्तरार्धात उद्भवली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिन पाळला आणि पुढे संस्थानाच्या सरहद्दीबाहेर छावण्या उभ्या राहिल्या. नांदेड भागातील कार्यकर्त्यांना उमरखेडची छावणी जवळची होती. आजच्या लातूर जिल्ह्याच्या परिसरास (हा जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला) सोलापूर आणि बार्शीकडील सीमा. समोर रझाकार होते, आणि त्यांचा नेता कासीम रझवी हा लातुरातच वकिली केलेला गृहस्थ होता. छावणीतील तरुणांना करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले करावयाचे, गावे राखावयाची, तर हातात काही हवे. आणि ते विकत घ्यावयाचे तर पैसा हवा. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर कार्यकर्त्यांनी घातलेला छापा या गरजेच्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. लोकांच्या बोलण्यात त्या घटनेस 'बँकेची लूट' म्हणतात. 'चोरी' किंवा 'दरोडा' हा शब्द तेथे कोणी वापरीत नाही, ही निवड अर्थपूर्ण आहे. (हाच भारतीय शब्द इंग्रजीत जाऊन 'लूट' म्हणूनच रुळला, हे येथे सहज आठवते.)

त्याच दिवशी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली, आणि त्या खटल्याच्या साक्षीपुराव्यातून शस्त्रव्यवहाराची एक निराळीच बाजू उघड झाली. पुण्यात 'शस्त्र भांडार' चालविणारा माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबानीत हैदराबादच्या सीमेकडे हत्यारे पाठविण्याची बोलणी येतात, आणि स्टेनगनचाही उल्लेख येतो. एकाच बाजारातून एकाच काळात अगदी भिन्न हेतूंची माणसे माल घेत होती. हत्याराची खरेदी हा मुक्तिसंग्रामाच्या गौरवकथांतील अवघड भाग आहे, आणि तो बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो, याचे एक कारण येथे सापडावे.

दुसरीकडे निजाम सरकारही खरेदीच करीत होते. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन याने १९४८ साली कराचीहून रात्रीच्या विमानांनी हैदराबादेत शस्त्रे उतरविली. पुढे इंग्लंडातील न्यायालयाने त्यास दोनशे पौंड दंड केला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली, तेव्हा या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन संपले. हत्यारे मात्र मागे उरली.

आता शब्दाविषयी. मराठीतील शस्त्रवाचक शब्दांचा इतिहास हा दख्खनच्या राजकीय इतिहासाचाच एक आलेख होय. 'तोफ' आणि 'तमंचा' तुर्कीतून, 'बंदूक' अरबी-फारसीतून, 'काडतूस' पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून आले. पुढे तोंडाकडून दारू भरण्याच्या बंदुकीस मराठीने आपल्याच 'ठासणे' या क्रियापदावरून 'ठासणीची बंदूक' असे देखणे नाव दिले. या शब्दात शस्त्र वापरण्याची कृती आहे, याचा अर्थ ते शस्त्र घरात होते, रोज हाताळले जात होते. 'बारा बोअरची' या नावात माप आहे. तेथे परवाना आणि दुकान आले. 'स्टेनगन'मध्ये यांपैकी काहीही नाही. तो शब्द आला तसाच राहिला. त्यास विशेषण जडले नाही, टोपणनावही मिळाले नाही. लिंग मात्र मराठीने आपल्या मनाप्रमाणे ठरविले. बंदूक, तोफ, रायफल यांच्या पंक्तीला बसून 'ती स्टेनगन' झाली. पिस्तुलाचे नपुंसकलिंग तिच्या वाट्यास आले नाही. अनेकवचनात बहुधा फरक पडत नाही : 'दोन स्टेनगन'. शब्द पुरता मुरला असता तर 'बंदुका'प्रमाणे त्याचेही रूप बदलले असते.

असा अर्धवट रुळलेला शब्द सहज पसरतो. जे जे भराभर गोळ्या सोडते ते ते 'स्टेनगन', असा व्यवहार बोलण्यात होऊ शकतो. त्यातच ब्रिटिश लष्करी परिभाषेत या वर्गास 'मशीन कार्बाइन' म्हणत. म्हणून १९५३ साली ब्रिटनने स्वीकारलेली स्टर्लिंग बंदूक कानपूरच्या कारखान्यात तयार होऊ लागल्यावर भारतीय पोलिसांत व सैन्यात 'कार्बाइन' हेच नाव चालले. १९४८ ची हकीकत पुष्कळ वर्षांनंतर सांगणारा माणूस मधल्या काळात पाहिलेल्या कार्बाइनचे रूप नकळत जुन्या आठवणीवर चढवीत असेल, तर दोष त्याचा नव्हे. तेव्हा शब्दावरून वस्तू ओळखण्याऐवजी वर्णनावरून ओळखावी. काडतुसांचा खोका डाव्या अंगास आडवा होता, तर स्टेन संभवते. खाली लोंबत होता, तर थॉमसन किंवा दुसरे काही. आणि काडतुसे कोठून येत, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. नऊ मिलिमीटरचे काडतूस शिकारीच्या बंदुकांच्या दुकानात मिळत नसे. ती संपली की कितीही जपून मिळविलेली स्टेनगन लोखंडाची नळीच ठरे.

वस्तू प्रत्यक्ष पाहावी म्हटले तर मार्ग जवळजवळ बंद आहे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने अशा शस्त्रांवर दोनशे डॉलर कर व नोंदणी लादली, आणि १९ मे १९८६ नंतर नव्याने नोंद होणे थांबले. परिणामी जुन्या नोंदीतील स्टेनगन, जिचा युद्धकाळातील खर्च दोनतीन पौंड होता, ती आज हजारो डॉलरांना संग्राहकांत विकली जाते. भारतात असा बाजारच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने स्वयंचलित हत्यार हे निषिद्ध शस्त्र ठरले. केंद्र सरकारच्या विशेष परवानगीवाचून ते जवळ बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. कलम ४५ मध्ये पुराणवस्तूंना सूट आहे खरी, परंतु दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच हत्याराला. आणि स्टेनगनची घडण इतकी साधी की हा निकष तिला लावणे कठीण. १९७२ च्या पुरावशेष कायद्याची शंभर वर्षांची अट तिची सर्वांत जुनी प्रतही २०४१ पूर्वी पुरी करीत नाही.

नांदेडच्या हुजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांच्या परंपरेतील शस्त्रे श्रद्धेने जतन केली जातात आणि भाविकांना त्यांचे दर्शन घडते. त्याच जिल्ह्यातील १९४८ च्या लढ्याचे हत्यार एखाद्या घराच्या माळ्यावर निघाले, तर त्या कुटुंबापुढे दोनच वाटा दिसतात : विहीर किंवा पोलीस ठाणे. पहिली बेकायदा आणि धोक्याची आहे. दुसरीच योग्य, पण त्या वाटेने गेलेली वस्तू पुढे बहुधा नष्ट केली जाते, आणि तिच्यावरील अक्षरे कोणी उतरून घेत नाही. खोका बसविण्याच्या भागावर नमुना आणि क्रमांक कोरलेला असतो. कॅनडातील प्रतीवर 'लाँग ब्रँच' हे नाव असते. पंचनाम्यात मात्र 'एक जुनी गंजलेली बंदूक' एवढेच लिहिले जाण्याचा संभव अधिक. हत्यार स्वाधीन करतेवेळी या ओळी पंचनाम्यात अक्षरशः नोंदविण्याचा आग्रह त्या घराने आणि स्थानिक इतिहास मंडळींनी धरला, तर कायद्यास बाध येत नाही, आणि त्या घरातील वृद्ध ज्यास 'स्टेनगन' म्हणत आले ती खरोखर कोणती वस्तू होती, हे कळू शकते.