गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत?

विश्रांतवाडीहून दिघीमार्गे भोसरीला गेलं, की यंत्रांची खडखड कानी पडू लागते. तिथल्या वर्कशॉपमध्ये लेथवरून उतरलेल्या जॉबवर कारागीर हमखास नख फिरवून पाहतो. नखाला लागतात त्या टूलनं मागं ठेवलेल्या रेघा.

एका फेऱ्यात टूल जेवढं पुढं सरकतं, तो फीड. फीड दुप्पट केला, तर रेघांची खोली जवळपास चौपट होते! काम लवकर उरकतं, पण घाई पृष्ठभागावर उमटते. धातूचा स्वभावही असतोच. मऊ अॅल्युमिनियम टूलच्या धारेला चिकटून पृष्ठभाग ओरबाडतं, बिडाचा मात्र भुगा पडतो.

हा खडबडीतपणा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. लेथवर तो साधारण 1 ते 6 मायक्रॉन राहतो. ग्राइंडिंगनं एकाच्याही खाली येतो.

मग सगळंच आरशासारखं का करू नये? इंजिनच्या सिलिंडरमध्ये होनिंग करून मुद्दाम तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडतात. त्यांत तेल टिकतं. आरसा केला, तर तेल ठरत नाही आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. क्रँकशाफ्टचं उलट. तिथं राहिलेल्या एका खोल रेघेतूनही तडा सुरू होऊ शकतो. ग्राइंडिंग करताना कूलंट कमी पडलं, तर चकाकीखालचं पोलाद भाजतं आणि नखाला ते कळतही नाही.

तेव्हा मंडळी, चकाकी म्हणजे दर्जा नव्हे. कामाला हवा तेवढाच गुळगुळीतपणा, हाच खरा दर्जा.