सांधा आधी, सिग्नल मागून

मनमाडकडून आलेली गाडी छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकात शिरते तेव्हा उतारूंचे लक्ष सामानाकडे असते. खालून खडखडत गेलेल्या सांध्याकडे कोणी पाहत नाही. शेजारच्या रुळावर मालगाडी उभी असेल, तर त्या घटकेस शेकडो जीव सांध्याच्या चारपाच इंच हालचालीवर अवलंबून असतात.

निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हा मीटर गेजचा एकेरी मार्ग सुरू झाला. त्या काळच्या यांत्रिक केबिनीत दांड्यांची रांग असे. सिग्नलचे दांडे तांबडे, सांध्याचे काळे, सांध्यास खीळ घालणारे निळे, बिनकामाचे पांढरे. गाडी घ्यावयाची तर प्रथम काळा दांडा ओढून सांधा लावावयाचा, निळ्याने तो जखडावयाचा आणि मगच तांबडा ओढून सिग्नल पाडावयाचा. हा क्रम केबिनवाल्याच्या स्मरणशक्तीवर सोडलेला नसे, यातच सारे मर्म आहे. प्रत्येक दांड्यास एक लोखंडी पट्टी जोडलेली असून तिच्या कडेस खाचा असतात. एक पट्टी सरकली की ती आडव्या दात्यास ढकलते, आणि तो दाता दुसऱ्या पट्टीच्या खाचेत जाऊन बसतो. सांधा जुळला नसेल तर तांबडा दांडा हलतच नाही. दोघे लोंबकळले तरी नाही. सिग्नल पडल्यावर काळा दांडाही तसाच जखडून राहतो. असा हट्टी चाकर आज्ञाधारक पण झोपाळू चाकरापेक्षा केव्हाही बरा! जॉन सॅक्स्बी याने इंग्लंडात १८५६ साली या सांगडीचे पेटंट घेतले.

पुढे पट्ट्यांची जागा विद्युत् रिलेंनी व संगणकाने घेतली. हात पडण्याऐवजी दिवे लागू लागले. लोकांच्या तोंडी मात्र 'सिग्नल पडला' हेच राहिले. नियमही तोच राहिला. तथापि खाच डोळ्यांस दिसे, तार पेटीत दडलेली असते. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा दिवा मिळाला. सांधा लागला होता बाजूच्या रुळास, जेथे मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसे दगावली. फाटकानजीकच्या कामात व त्यापूर्वीच्या फेरबदलात तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या, असे चौकशीत आढळले. सांध्याची खबर आणणारी तारच खोटे बोलत होती, आणि यंत्राने तिच्यावर विश्वास ठेविला. म्हणूनच दुरुस्तीनंतर सांधा प्रत्यक्ष दोहोंकडे फिरवून, रुळाशेजारी उभे राहून, सिग्नल त्याच्याशी जुळतो की नाही हे ताडून पाहिल्यावाचून गाडी सोडावयाची नसते.